डाल्टनचं लाल, आपलं लाल

शाळेत असताना जॉन डाल्टन तुम्हाला भेटलेला असणार. विज्ञानाच्या पुस्तकात एक छोटं चित्र, गोल चष्मा, गंभीर चेहरा आणि शेजारी अणुसिद्धांताचे मुद्दे. तुम्ही ते मुद्दे पाठ केले, पेपरात उतरवले, मार्क मिळाले आणि डाल्टन डोक्यातून गेला. आपल्या सगळ्यांचं असंच होतं.

पण त्या गोल चष्म्यामागच्या डोळ्यांची गोष्ट पुस्तकात नव्हती. लाल आणि हिरवा हे दोन रंग या माणसाला तुमच्या-माझ्यासारखे वेगळे दिसत नसत. गंमत म्हणजे, हे त्याचं त्यालाच कळायला वयाची जवळजवळ सव्वीस वर्षं जावी लागली. ते कळल्यावर त्यानं जे केलं, त्यामुळेच आज तो या पानावर आहे. विशेषतः तुम्ही पोस्टर बनवत असाल, प्रेझेंटेशन करत असाल, अ‍ॅप किंवा कपडे डिझाइन करत असाल, तर हा माणूस तुमच्या कामाचा आहे.

विणकराच्या घरातला मुलगा

डाल्टनचा जन्म १७६६ चा. गाव ईगल्सफील्ड, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलंड परगण्यातलं. वडील हातमागावर लोकरीचं कापड विणायचे. थोडी शेती होती, पैसा बेताचा. घर क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती लोकांतला एक साधेपणा मानणारा पंथ. राखाडी, तपकिरी, मातकट असे कपडे घालायचे; भडक रंग म्हणजे उगाच मिरवणं. त्यामुळे घरात रंगावरून बोलणं होण्याचा प्रसंगच कमी. एखाद्या मुलाला रंग वेगळे दिसत असतील, तर ते लपून राहायला याहून चांगली जागा कुठली?

मुलगा हुशार होता. गावातल्या एलिहू रॉबिन्सन या जाणत्या क्वेकर गृहस्थानं त्याला गणिताची आणि हवामानाच्या निरीक्षणाची गोडी लावली. बाराव्या वर्षी डाल्टन गावातल्या शाळेत शिकवायला लागला. समोर बसलेली काही मुलं त्याच्याहून मोठी! तुम्ही बारा वर्षांचे असताना काय करत होता, ते आठवा आणि मग या पोराकडे बघा.

पंधराव्या वर्षी तो केंडल या गावी गेला. तिथं त्याचा थोरला भाऊ जोनाथन क्वेकरांच्या शाळेत होता. दोघा भावांनी मिळून ती शाळा चालवली. पुढे शिकायची इच्छा होती, पण दार बंद होतं. ऑक्सफर्डमध्ये शिरतानाच इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वं मान्य असल्याची सही करावी लागे. केंब्रिजमध्ये तशी सही केल्याशिवाय पदवी मिळत नसे. क्वेकर पंथाच्या मुलाला ते शक्य नव्हतं. म्हणजे ज्याच्या नावाचा सिद्धांत आपण आज शिकतो, तो विद्यापीठात कधी विद्यार्थी म्हणून बसलाच नाही.

आंधळा गुरू

केंडलमध्ये मात्र त्याला विद्यापीठाच्या तोडीचा एक माणूस भेटला. त्याचं नाव जॉन गफ. लहानपणीच देवीच्या आजारात गफची दृष्टी गेली होती. तरी लॅटिन, ग्रीक, गणित, वनस्पतिशास्त्र या सगळ्यांत तो पारंगत. आसपासच्या वीस मैलांतली जवळजवळ प्रत्येक वनस्पती तो हातानं चाचपून, वास घेऊन, चव बघून ओळखायचा, अशी त्याची ख्याती होती.

गफनं डाल्टनला भाषा शिकवल्या, गणित शिकवलं आणि रोजच्या हवेची नोंद ठेवायला सांगितली. डाल्टननं २४ मार्च १७८७ रोजी वही उघडली. तापमान, वायुदाब, पाऊस, वारा. ही वही त्यानं मरेपर्यंत, म्हणजे ५७ वर्षं चालू ठेवली. नोंदी झाल्या दोन लाखांहून जास्त. आपली रोजनिशी साधारण ५ जानेवारीला बंद पडते, हे इथं नोंदवून पुढे जाऊ.

गफचा हा मुद्दा लक्षात ठेवा. एक वाट बंद असेल, तर तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनंही ओळखता येते. पान हिरवं आहे हे दिसलं नाही, तरी ते खरखरीत आहे की मऊ, वास उग्र आहे की गोड, हे कळतं. आपण शेवटी याच मुद्द्यावर येणार आहोत.

फूल निळं की गुलाबी?

१७९० च्या सुमारास डाल्टन वनस्पतिशास्त्राकडे वळला आणि इथं पहिल्यांदा गाडं अडलं. फुलाचं वर्णन करायचं तर रंग सांगावा लागतो. पांढरा, पिवळा कळायचा. निळा, जांभळा, गुलाबी यांचा घोळ व्हायचा. तो सरळ लोकांना विचारायचा, हे फूल निळं आहे की गुलाबी? लोकांना वाटायचं, मास्तर चेष्टा करतायत. ते हसायचे आणि विषय तिथंच संपायचा.

या हसण्यावर जरा थांबा. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी हिरव्याला तपकिरी म्हटलं की काय होतं? बहुतेक वेळा हेच होतं. तो माणूसही हसतो, आणि पुढच्या वेळी रंगाबद्दल बोलायचं टाळतो. डाल्टननंही बराच काळ मनाची समजूत घातली होती की घोळ रंगांच्या नावांत आहे. लोकांनी रंगांना नावंच नीट ठेवलेली नाहीत, असं त्याला वाटायचं.

मग १७९२ चा शरद ऋतू आला. त्याच्याकडे एक जिरेनियमचं फूल होतं. आपल्याला ते गुलाबी दिसेल. डाल्टनला ते दिवसा आकाशी निळं दिसायचं. एका संध्याकाळी त्यानं तेच फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं आणि तो चक्रावला. निळ्याचा मागमूस नाही! तो ज्याला लाल म्हणायचा, तसल्या रंगाचं ते फूल झालं होतं.

त्यानं मित्रांना बोलावलं. दिवसा दाखवलं, मेणबत्तीत दाखवलं. सगळे म्हणाले, फरक असा काही नाही, आहे तसंच आहे. फक्त एकाला डाल्टनसारखा बदल दिसला. तो म्हणजे त्याचा सख्खा भाऊ जोनाथन.

कारण आज आपल्याला माहीत आहे. गुलाबी रंगात तांबड्या टोकाचाही उजेड असतो आणि निळ्या टोकाचाही. डाल्टनच्या डोळ्यांना दिवसा त्यातलं निळं ठळक जाणवायचं. मेणबत्तीच्या उजेडात निळा अंश फारच कमी, त्यामुळे संध्याकाळी ते निळंच गायब व्हायचं. सव्वीस वर्षांच्या शिक्षकाला त्या संध्याकाळी कळलं, की रंगांच्या नावांत घोळ नव्हता. बाकीचे लोक काहीतरी असं बघत होते, जे त्याला दिसतच नव्हतं.

आईच्या मोज्यांची एक गोष्ट डाल्टनबद्दल नेहमी सांगितली जाते. त्यानं आईला भेट म्हणून रेशमी मोजे नेले, क्वेकर बाईला शोभतील असे मातकट रंगाचे. आईनं पाहिलं तर ते चेरीसारखे लालभडक! हे घालून प्रार्थनेला कशी जाऊ, असं तिला झालं. डाल्टन म्हणे, रंग साधाच आहे. जोनाथनला बोलावलं, त्यानंही तेच सांगितलं. शेवटी शेजारणींना विचारावं लागलं. दोन भाऊ एकीकडे आणि अख्खं गाव दुसरीकडे, असं चित्र या गोष्टीतून उभं राहतं, म्हणून ती टिकली असावी.

सगळ्यांसमोर सांगितलं

१७९३ मध्ये डाल्टन मँचेस्टरला आला. कापसाच्या गिरण्यांनी भराभर वाढणारं शहर. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद असलेल्यांसाठी तिथं एक महाविद्यालय होतं, त्यात तो गणित आणि विज्ञान शिकवायला लागला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १७९४ मध्ये, तो मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचा सदस्य झाला. शहरातले डॉक्टर, गिरणीमालक, विद्वान सगळे तिथं जमायचे.

आता तुम्ही त्याच्या जागी आहात असं समजा. वय २८. खेड्यातून आलेले, डिग्री नाही. मोठ्या लोकांच्या सभेत पहिल्यांदाच निबंध वाचायचा आहे. विषय कोणता निवडाल? आपण किती हुशार आहोत हे दाखवणारा. डाल्टननं ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी स्वतःच्या डोळ्यांतल्या उणिवेवर निबंध वाचला.

आणि तो किती तपशिलात! इंद्रधनुष्यात इतरांना सहा-सात रंग दिसतात, मला दोन, फार तर तीन. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा हे तुम्हाला वेगळे वाटतात, मला ते पिवळ्याच्याच छटा वाटतात. पत्रावर सील करायची लाल लाखेची कांडी आणि लॉरेलचं हिरवं पान यांचा रंग मला सारखाच वाटतो. गोऱ्या गालांवरची लाली म्हणजे पांढऱ्या कागदावर पातळ केलेली काळी शाई. रक्ताचा रंग हिरव्या बाटलीच्या काचेसारखा. अशा अर्थाचं तो सभेला सांगत गेला.

तो स्वतःपाशीच थांबला नाही. आपल्यासारखे आणखी कुणी आहेत का, हे त्यानं शोधलं. त्याच्याच मुलखातल्या मेरीपोर्ट गावच्या हॅरिस नावाच्या एका चांभाराची हकिगत १७७७ मध्ये छापून आली होती. हा हॅरिस चार वर्षांचा असताना त्याला रस्त्यात एक मोजा सापडला. लोक त्याला लाल मोजा म्हणत होते, आणि नुसतं मोजा न म्हणता लाल का म्हणतात, हे त्या पोराला कळत नव्हतं. इतर मुलांना झाडावरची चेरी लांबून दिसायची. याला ती जवळ गेल्यावर आकारावरून ओळखावी लागायची. डाल्टननं त्या घरापर्यंत चौकशी नेली.

मग त्यानं आपल्याच विद्यार्थ्यांना विचारायला सुरुवात केली. २५ मुलांत त्याच्यासारखे २ निघाले. पुन्हा तसंच विचारलं तेव्हा १. एकाही स्त्रीबद्दल असं ऐकायला आलं नाही, हेही त्यानं नोंदवलं. आज आपल्याला माहीत आहे की युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाला, आणि स्त्रियांत साधारण २०० जणींमागे एकीला लाल-हिरव्याची रंगांधता असते. वर्गात हात वर करायला सांगून डाल्टन खऱ्या आकड्याच्या बराच जवळ गेला होता.

हा निबंध १७९८ मध्ये छापला गेला. रंगांधतेवरचा हा पहिला सविस्तर वैज्ञानिक अभ्यास मानला जातो. फ्रेंच, स्पॅनिश आणि इतर काही भाषांत रंगांधतेला आजही डाल्टनच्याच नावावरून शब्द आहे.

चुकलेलं उत्तर

निरीक्षण पक्कं होतं, कारण मात्र चुकलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. आपल्या डोळ्यातला हा द्रव निळसर असणार, तो लाल उजेड शोषून घेत असणार, असा डाल्टनचा कयास होता. निळ्या काचेतून जग पाहिल्यासारखं. तर्क चांगला होता, पण जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून तपासणार कसा?

डाल्टननं सोपा मार्ग काढला. मी मेल्यावर माझे डोळे काढून तपासा, असं त्यानं सांगून ठेवलं. आपलं म्हणणं खोटं ठरू शकतं, हे माहीत असून ते तपासायची सोय करून ठेवणारा माणूस!

दरम्यान थॉमस यंग या शास्त्रज्ञानं १८०७ मध्ये वेगळी शक्यता मांडली. डोळ्याच्या पडद्यात रंग जाणणारे जे तंतू असतात, त्यांतला एक प्रकारच डाल्टनकडे नसेल, असं त्याचं म्हणणं. डाल्टनला ते पटलं नाही. तो निळ्या द्रवावर ठाम राहिला.

बिनरंगाची चिन्हं

तोपर्यंत डाल्टन दुसऱ्याच कामात बुडाला होता. हवामानाच्या वहीतून त्याला प्रश्न पडला, की पाण्याची वाफ हवेत मिसळते म्हणजे नेमकं काय होतं? तिथून तो वायूंकडे गेला आणि वायूंकडून अणूंकडे. १८०३ च्या सुमारास त्यानं अणूंच्या सापेक्ष वजनांची यादी केली. १८०८ मध्ये त्याच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला भाग आला.

त्या ग्रंथातलं एक पान इंटरनेटवर शोधून जरूर बघा. त्यावर वीस मूलद्रव्यांची चिन्हं आहेत. सगळी वर्तुळं, पण एकाही चिन्हाची दुसऱ्याशी गल्लत होत नाही. ऑक्सिजन म्हणजे रिकामं वर्तुळ. हायड्रोजनच्या मधोमध ठिपका. नायट्रोजनला एक उभी रेघ. कार्बन पूर्ण काळा. गंधकात अधिकचं चिन्ह. धातूंच्या वर्तुळात अक्षरं. पान काळ्या-पांढऱ्यात छापलेलं आहे आणि तरी सगळं वाचता येतं.

डाल्टननं हे आपल्या डोळ्यांमुळे केलं, असं म्हणायचं कारण नाही. तेव्हा पुस्तकं काळ्या शाईतच छापली जात. पण आता तुमच्या कॉलेजच्या लॅबमधली रेणूंची मॉडेल्स आठवा. कार्बनचा चेंडू काळा, हायड्रोजनचा पांढरा, ऑक्सिजनचा लाल, क्लोरिनचा हिरवा. ज्यानं अणू ही कल्पना रसायनशास्त्रात रुजवली, त्याला आजच्या मॉडेलमधला ऑक्सिजन कोणता आणि क्लोरिन कोणता, हे विचारावं लागलं असतं! त्याची स्वतःची चिन्हं मात्र त्याला, तुम्हाला, सगळ्यांना सारखीच कळतात.

लाल झगा

पुढे नाव झालं, पण राहणी तीच. खासगी शिकवण्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. ज्याच्या नावावरून ऊर्जेच्या एककाला ज्यूल म्हणतात, तो जेम्स ज्यूल त्याच्याच शिकवणीतला. डाल्टनला भेटायला आलेल्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो एका पोराचं गणित तपासताना सापडला, असं सांगतात. लग्न केलं नाही. दर गुरुवारी दुपारी मैदानावर लाकडी गोळे घरंगळवायचा खेळ मात्र चुकवायचा नाही.

ज्या ऑक्सफर्डनं दार बंद ठेवलं होतं, त्याच ऑक्सफर्डनं १८३२ मध्ये त्याला मानद पदवी दिली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्यासमोर हजर राहायचा प्रसंग आला. दरबाराच्या पोशाखात कमरेला तलवार लागते आणि क्वेकर माणूस शस्त्र धरत नाही. तोडगा निघाला, की ऑक्सफर्डच्या पदवीचा झगा घालावा. पण तो झगा लालभडक! आयुष्यभर भडक रंगाला नाही म्हणणाऱ्या पंथातला हा माणूस लाल झग्यात कसा जाणार, असा प्रश्न लोकांना पडला. डाल्टनला मात्र तो झगा पानांच्या, मातीच्या रंगाचाच दिसत होता. तो घालून गेला.

दीडशे वर्षांनी लागलेला निकाल

२७ जुलै १८४४ रोजी डाल्टन गेला. आदल्या दिवशीही त्यानं थरथरत्या हातानं वहीत पावसाची नोंद केली होती. मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये त्याच्या अंत्यदर्शनाला ४० हजारांहून जास्त लोक आले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डॉक्टरांनी, जोसेफ रॅन्सम यांनी, त्याची इच्छा पाळली. एका डोळ्यातला द्रव काढून काचेवर घेतला. तो पाण्यासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून त्यातून लाल-हिरव्या वस्तू पाहिल्या. त्या नेहमीसारख्याच दिसल्या. निळा द्रव नव्हताच. डाल्टनचं उत्तर पन्नास वर्षांनी, त्याच्याच डोळ्यांनी चुकीचं ठरवलं.

डोळ्यांचे अवशेष सोसायटीनं जपून ठेवले. १९४० च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात सोसायटीची इमारत जळाली. डाल्टनचे बरेचसे कागद त्यात गेले, पण डोळे टिकले. १९९० च्या दशकात लंडन आणि केंब्रिजच्या संशोधकांनी त्यातला छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासला. १९९५ मध्ये निकाल छापून आला. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंक्वाकार पेशी असतात. त्यांतल्या मधल्या, म्हणजे हिरव्याच्या आसपासच्या लहरींना सर्वाधिक दाद देणाऱ्या पेशींचं रंगद्रव्य बनवणारं जनुक डाल्टनकडे नव्हतं. यंगचा अंदाज योग्य दिशेनं होता.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. म्हणून दोघे भाऊ सारखेच. मुलींकडे दोन एक्स असल्यानं एकात उणीव असली तरी सहसा दुसरा सांभाळून घेतो. डाल्टनला एकही स्त्री का सापडली नाही, त्याचंही उत्तर मिळालं.

तुमच्या पोस्टरवरचा डाल्टन

आता तुमच्याकडे येऊ. तुमच्या वर्गात, ऑफिसात, क्रिकेटच्या टीममध्ये एखादा डाल्टन असण्याची शक्यता बरीच आहे. कदाचित तो तुम्हीच असाल. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा झाला की नाही, हे त्याला कळत नाही. नकाशावरचा ट्रॅफिक लाल की हिरवा, हे कळत नाही. तुम्ही एक्सेल शीटमध्ये झालेली कामं हिरवी आणि राहिलेली लाल करून ठेवता, आणि तो बिचारा सगळ्या ओळी पुन्हा वाचत बसतो. तो आळशी नाही. शीट त्याच्याशी बोलतच नाही.

उपाय अवघड नाहीत. आपल्या पाकिटांवर चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी ठिपका म्हणजे मांसाहारी, अशी खूण होती. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला हे दोन ठिपके सारखेच दिसू शकतात. २०२० च्या नियमांत मांसाहारी ठिपक्याचा त्रिकोण झाला. रंग तेच राहिले, फक्त आकार बदलला आणि खूण सगळ्यांची झाली. सिग्नलवर लाल वर आणि हिरवा खाली असतो, म्हणून रंग न कळणाराही कोणता दिवा पेटलाय ते ओळखतो. मुंबई मेट्रोच्या मार्गांना रंग आहेत, पण सोबत आकडेही आहेत. पत्त्यांच्या ‘उनो’ खेळाचा रंगांसोबत चिन्हं असलेला संच २०१७ मध्ये आला. ती चिन्हं पोर्तुगालमधल्या एका डिझायनरनं तयार केली आहेत.

नियमही बदलतायत. सौम्य आणि मध्यम रंगांधता असणाऱ्यांना वाहन परवाना मिळावा, म्हणून केंद्र सरकारनं २०२० मध्ये नियम बदलले. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगसाठी निवड होऊनही रंगांधतेमुळे प्रवेश नाकारलेल्या एका तरुणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रंगांधता असणाऱ्यांसाठी तिथले सगळे अभ्यासक्रम खुले असावेत, असं न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. ऑक्सफर्डच्या बंद दाराशी उभा असलेला एक मुलगा आठवला ना?

तुमच्या हातातल्या कामापुरतं एवढं करा. रंगाला एकट्याला कामाला लावू नका. त्याला जोडीदार द्या: आकार, अक्षर, आकडा, जागा, रेघांची नक्षी. आलेखात एक रेघ सलग ठेवा, दुसरी तुटक. फॉर्ममध्ये चुकलेला रकाना नुसता लाल करू नका, काय चुकलं ते शब्दांत लिहा. लाल-हिरव्याऐवजी निळ्या-नारिंगीची जोडी घ्या. गडद-फिक्यातला फरक ठळक ठेवा. आणि काम झालं की फोनचा पडदा सेटिंगमधून काळा-पांढरा करून ते एकदा बघा. तरीही सगळं कळत असेल, तर पोस्टर पास. डाल्टनचं मूलद्रव्यांचं पान या परीक्षेत दोनशे वर्षांपूर्वीच पास झालंय.

यातलं काहीच लक्षात राहिलं नाही, तरी त्या जिरेनियमच्या फुलाची संध्याकाळ लक्षात ठेवा. मेणबत्तीसमोर फूल धरून एक तरुण मास्तर मित्रांना विचारतोय, की तुम्हाला काय दिसतं? काम पाठवण्याआधी तुम्हीही कुणाला तरी हेच विचारा. आणि तो म्हणाला की हिरवं तपकिरी दिसतंय, तर हसू नका. फाइल पुन्हा उघडा.